दोन्ही कुशींवरच्या खुणा

ग्लायडरच्या डाव्या कुशीवर ठिगळं होती. उजव्या कुशीवरही होती. बाकी सगळ्यांना ती ठिगळं आवडत होती, मला मात्र त्यांचा त्रास होत होता.

आमचं विज्ञान केंद्र जळगावच्या बाहेर, पाचोरा रस्त्याला लागून आहे. भौतिकशास्त्रात एमएस्सी झाल्यावर मी इथे लागले. मुलांना लंबक आणि भिंगं दाखवायची, बिघडलेली मॉडेल्स दुरुस्त करायची, हे माझं काम. मागच्या वर्षी एका कॉलेजने आपलं जुनं गोदाम रिकामं केलं आणि त्यातलं एनसीसीचं ग्लायडर आम्हाला दिलं. इंजिन नसलेलं, लाकडाचं आणि कापडाचं विमान. जमिनीवरचं यंत्र लांब तारेनं त्याला ओढायचं, पतंगासारखं वर चढलं की तार सोडून द्यायची आणि मग उन्हानं तापून वर जाणाऱ्या हवेवर जमेल तितका वेळ तरंगायचं. शिकवणारा आणि शिकणारा त्यात शेजारी शेजारी बसत. या ग्लायडरवर कितीतरी मुलं उडायला शिकली असतील. आमच्याकडे आलं तेव्हा पंखांचं कापड उंदरांनी खाल्लेलं होतं आणि शेपटीच्या पोकळीत कुंभारीण माश्यांनी मातीची घरं केली होती.

केंद्राचे प्रमुख भूषण सर. त्यांनी दुरुस्तीचं काम मला आणि आमच्या सुतारकाम करणाऱ्या भटूभाऊंना दिलं. "नवं करू नका," ते म्हणाले, "जुनं आहे तसं उभं करा. आणि प्रज्ञा, त्याचा इतिहास शोधून काढ. पाटी लावायचीय."

इतिहास शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही, तो स्वतःच बसने आला. पेपरात फोटो छापून आल्यावर पाचोऱ्याजवळच्या एका गावातून पांढरी टोपी घातलेले एक उंच म्हातारे गृहस्थ थेट शेडमध्ये आले. ग्लायडरभोवती एक फेरी मारली, उजव्या आसनाखाली हात घातला आणि मला म्हणाले, "बॅटरी आण बेटा." आसनाच्या फळीच्या खालच्या बाजूला चाकूने कोरलेला एक 'आ' होता.

"आ म्हणजे आधार. आधार पाटील. मी कोरला. आमच्या सरांनी पाहिलं असतं तर कान उपटला असता."

आधार आबा तेव्हापासून दर आठवड्याला येऊ लागले. धुळ्याला कॉलेजात असताना ते हवाई शाखेचे कॅडेट होते. त्यांच्या गावात त्यांना सगळे 'फौजी आबा' म्हणतात. फौजेत ते कधीच नव्हते, आयुष्यभर कापूस आणि केळीची शेती केली. पण हे नाव पडलं ते ग्लायडरच्या ठिगळांमुळे. त्यांच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, बोटाच्या पेराएवढी एक आडवी खूण आहे. ती गोळी चाटून गेल्याची खूण. ग्लायडरवरची ठिगळं त्याच गोळ्यांची.

"एकाहत्तरच्या युद्धाच्या सुमारास," आबा सांगत, "सरावाला गेलो होतो. कुठे, ते विचारू नको, तेव्हा सांगायला बंदी होती." मग ते गप्प होत आणि ऐकणारेही गप्प होत.

भटूभाऊंनी ही गोष्ट मान वर न करता, लाकूड घासत ऐकली होती. आबा गेल्यावर ते म्हणाले, "आमच्या घरी ही गोष्ट असती ना मॅडम, मी लग्नपत्रिकेवर छापली असती."

भूषण सरांना गोष्ट इतकी आवडली की त्यांनी पाटीचा मजकूर त्याच दिवशी करून टाकला. 'शत्रूच्या गोळ्या झेललेलं ग्लायडर.' उद्घाटनाचा दिवस ठरला, प्रमुख पाहुणे म्हणून आबांचं नाव ठरलं. आबांचा नातू तेजस सैन्यात भरती झाला होता. तो सुट्टी काढून येणार होता.

मला ठिगळांचा त्रास होत होता तो असा. या ग्लायडरच्या कुशीचं प्लायवूड दीड मिलिमीटरचं आहे. माझ्या वहीच्या पुठ्ठ्याहून थोडं जाड. बंदुकीची गोळी त्यातून गेली तर एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाईल. म्हणजे एका कुशीवर लाकूड आत दुमडलेलं दिसायला हवं आणि दुसऱ्या कुशीवर बाहेर फाटलेलं. इथे दोन्ही कुशींवर लाकूड आतच दुमडलं होतं, आणि आरपार काहीच गेलं नव्हतं. मी आरसा आणि बॅटरी घेऊन शेपटीच्या पोकळीत कंबरेपर्यंत शिरले आणि प्रत्येक ठिगळाची आतली बाजू पाहिली. सगळीकडे तेच. जे काही लागलं ते संथ होतं, बोथट होतं आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी आलं होतं.

शिवाय एक गोष्ट. ग्लायडर उडत असताना त्याला काही लागलं असतं तर ओरखडा मागच्या दिशेला लांबला असता. हे खड्डे गोल होते. म्हणजे तेव्हा ग्लायडर जमिनीवर उभं होतं, किंवा जवळजवळ उभं. आणि खड्ड्यांचा कल वरून खाली होता. दोन्हीकडून, उंचावरून.

"म्हणजे गारा," भटूभाऊ म्हणाले.

"गारा पाठीवर पडतील. पाठीवर एकही खूण नाही."

"मग भुतं."

"भटूभाऊ!"

"नाही म्हणजे, गोळी लागली म्हटल्यावर सगळे खूश आहेत. आबा खूश, सर खूश. तुम्हालाच कुठं दुखतंय?"

कुठे दुखत होतं ते मला नीट सांगता आलं नसतं. पाटी मी लिहिणार होते, एवढंच.

उत्तर आम्हाला उजव्या कुशीच्या खालच्या ठिगळात सापडलं. ते ठिगळ सैल झालं होतं म्हणून भटूभाऊंनी पातळ पातं घालून ते अलगद सोडवलं. मागे, प्लाय आणि आतल्या पट्टीच्या बेचक्यात, काहीतरी अडकलेलं होतं. मी चिमट्याने ओढलं. सुपारीहून थोडा मोठा, काळा, गुळगुळीत गोटा. एका बाजूला पांढरा ठिपका. त्याच्याबरोबर चमचाभर वाळू घरंगळली. ज्याने कोणी पूर्वी दुरुस्ती केली होती, त्याला तो दिसला नव्हता किंवा काढायचा कंटाळा आला होता.

नदीतला दगड होता तो. यात शंका घ्यायला काही जागाच नव्हती.

पुढच्या वेळी आबा आले तेव्हा मी त्यांना चहा दिला आणि गोटा टेबलावर ठेवला. कुठे सापडला ते सांगितलं. गोळीचं नाव घेतलं नाही.

आबांनी गोटा उचलला. अंगठ्याने त्यावरची धूळ पुसली. चहा तसाच निवला.

"आखाजी होती," शेवटी ते म्हणाले.

मी स्टूल जवळ ओढलं.

"बहात्तर सालची. युद्ध संपून चार-पाच महिने झाले असतील. धुळ्याच्या धावपट्टीवर आमचं शिबिर होतं. दुपारी आम्हाला उडायला शिकवणारे चौबळ सर मला घेऊन वर गेले. छान वर गेलो, आणि मग हवा एकदम मेली. धावपट्टीपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. खाली शेतांत बांध, विहिरी, बाभळी. एकच मोकळी, सपाट जागा दिसली. पांझरेचं कोरडं पात्र."

"आणि?"

"तुला बार माहीत आहे का बेटा?"

मला ऐकून माहीत होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, घरात गौराई बसवतात. गौराई बोळवायला नदीवर जातात तेव्हा काही गावांत बार रंगतो. एका काठावर एका गावच्या मुली, समोरच्या काठावर दुसऱ्या गावच्या. आधी शिव्या, मग दगड. जो काठ मागे हटेल तो हरला. वर्षभर सासरी तोंड दाबून बसलेल्या पोरींचा एक दिवस. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही.

"ग्लायडरला आवाज नसतो," आबा म्हणाले. "आणि त्यांचा आवाज तर आभाळाला भिडलेला. आम्ही दोन काठांच्या मधोमध वाळूत उतरलो. सरांनी सुंदर उतरवलं, मला धक्कासुद्धा लागला नाही. मी आनंदाने वरचं झाकण उघडलं, उभा राहिलो, हात वर केले." त्यांनी कपाळाला बोट लावलं. "दगड हवेत होतेच. आमच्यासाठी नव्हते, पण होते. आणि शिव्या! मी खरंच फौजेत गेलो असतो तरी तसल्या ऐकल्या नसत्या."

मला हसू आलं. आबा हसले नाहीत म्हणून मी आवरलं.

"मग बार थांबला. दोन्ही काठांच्या बाया खाली आल्या. कोणीतरी माझं डोकं बांधलं. सगळ्यांनी मिळून ग्लायडर ढकलत काठावर नेलं. चौबळ सरांनी वर कळवलं, गारा लागल्या. बायकांनी दगड मारले असं कोण कळवणार? मी डोक्याला पट्टी बांधून घरी गेलो. वडिलांनी विचारलं, हे काय? म्हटलं, ट्रेनिंगमध्ये लागलं. ओट्यावर चार माणसं बसली होती. एक म्हणाला, गोळी? बेटा, मी गोळी हा शब्द काढला नाही. मी फक्त नाही म्हटलं नाही."

त्यांनी गार चहा एका घोटात संपवला.

"मग ते वाढत गेलं. दर सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा मीच फडकावतो. तेजस त्याच्या लहानपणी माझ्या मांडीवर बसून ही खूण बोटाने चाचपायचा. तो सैन्यात गेला तो हीच गोष्ट ऐकून. घरात फक्त तेजसच्या आजीला ती नको असते. मी सांगायला लागलो की उठून आत जाते. तिला सहन होत नाही."

"आबा, पाटी मी लिहिणार आहे."

"माहीत आहे मला. म्हणून तर सांगितलं." त्यांनी गोटा परत टेबलावर, नेमका होता त्या जागी ठेवला. "तू खोटं लिहू नको. खोटं लिही असं मी कोणालाच सांगणार नाही. पण तेजस येणार आहे. पहिल्या रांगेत बसेल. तेवढं बघ."

मी बघते म्हटलं. काय बघायचं ते मला कळलं नव्हतं.

आखाजीच्या आठवड्यात मी धुळ्याला गेले. आबांनी सांगितलेल्या दोन गावांमधून नदी आता बारीक धारेने वाहते, पण काठ तसेच उंच आहेत. मी दोन्ही काठांची उंची आणि मधलं अंतर मोजलं. ठिगळांचा कल त्या काठांशी जुळत होता. मोजमाप जुळलं की एरवी मला फार बरं वाटतं, त्या दिवशी तितकं वाटलं नाही.

उत्तरेकडच्या गावात एका ओट्यावर लताबाई भेटल्या. माहेर आणि सासर त्याच गावातलं, म्हणून त्या तिथेच राहिलेल्या. समोरच्या निंबाला झोका होता आणि त्यांची नात त्यावर उभी राहून उंच जात होती. मी ग्लायडरचं विचारलं तशी त्यांनी गुडघ्यावर हात मारला.

"माय वं! तो पोऱ्या? जित्ता शे का अजून?"

"आहेत. नातू सैन्यात आहे त्यांचा."

"आवाज ना काही. आभायमाईन एकदम पांढरं आडवं उनं आनि वाळूमा बसनं. आम्हले वाटनं, समोरच्या बायास्नी काही करनी करी." त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग म्हणाल्या, "त्याच्या कपाळाला लागला ना, तो दगड मनावर फेकेल व्हता. मी वाकनू. त्याले लागना."

"कोणी फेकला होता?"

लताबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. "बारमधलं नाव घेतस का कोनी? नदीमधलं नदीमा. शिवी असो का दगड, घर लई येवानं नही. नही तर दुसऱ्या वर्षी कोन खेळी?"

परत येताना बसमध्ये मी त्यावर विचार करत होते. दोन गावं एकमेकांना वर्षानुवर्षं दगड मारतात आणि तरीही एकमेकांच्या घरी सोयरीक करतात, ती या एका नियमावर. तिथे झालं ते तिथेच ठेवायचं. आबांनीही तेच केलं होतं, फक्त रिकाम्या जागेत लोकांना हवं ते भरू दिलं होतं.

मी पाटी लिहिली. लाकूड कोणतं, कापड कोणतं, पंखांची लांबी, कसं उडायचं, कोण शिकायचं. ठिगळांबद्दल एक ओळ: 'दोन्ही कुशींवरच्या खुणा जुन्या दुरुस्तीच्या आहेत.' भूषण सर नाराज झाले. "आणि गोळ्या?"

"गोळ्यांचा पुरावा नाही, सर."

"नसल्याचा आहे का?"

आहे, असं मला म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा फक्त नाही म्हटलं नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी आबांच्या गावाहून एक टेम्पो भरून माणसं आली. सरपंच झुलाल, शाळेचे मास्तर, बाया, पोरं. तेजस गणवेशात होता, सावळा, ताठ, आणि लाजरा. आबांनी कडक इस्त्रीचं धोतर नेसलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पाटीकडे बोट केलं. त्यांनी ती वाचली आणि मान हलवली. पण चेहरा मोकळा झाला नाही.

कार्यक्रमाला वेळ होता म्हणून मी बायकांना शेड दाखवत होते. त्यात द्रौपदाबाई, आबांची पत्नी, होत्या. लहान चणीच्या, नाकात चमकी, आणि डोळे असे की आपलं काहीतरी चुकलंय असं वाटत राहावं. बाकीच्या पंखांखाली फोटो काढायला गेल्या. द्रौपदाबाई एकट्या उजव्या कुशीजवळ थांबल्या. सगळी ठिगळं हाताने चाचपून पाहिली. मग सुटे भाग मांडलेल्या टेबलाकडे वळल्या. जुने खिळे, तुटलेल्या पट्ट्या, कापडाचे तुकडे, आणि तो गोटा.

"हाऊ कोठे सापडना?"

मी दाखवलं. खालच्या ठिगळातून, आत अडकलेला.

"आत व्हता? इतला वर्स?"

"हो, आजी."

त्यांनी गोटा तळहातावर घेतला, वजन केल्यासारखा खालीवर केला. त्यांच्या खांद्यांना हलकासा झटका बसला. मला वाटलं रडतायत. "म्हणजे सोताच घर उना हाऊ," त्या म्हणाल्या. "कोनी आनेल नही." मग पदराच्या टोकात गोटा ठेवून त्यांनी गाठ मारली आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. वस्तू संग्रहातली आहे असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण म्हटलं नाही.

भूषण सरांनी प्रास्ताविक केलं. गोळ्या हा शब्द त्यांनी टाळला, पण 'रणभूमीचा वारसा' म्हणालेच. मग आबा बोलायला उठले. ग्लायडर कसं उडतं ते त्यांनी इतकं छान सांगितलं की मी लिहून घ्यायला हवं होतं. तार सुटल्यावर जी शांतता होते, तिच्याबद्दल ते बोलले. "आपलाच श्वास ऐकू येतो. आणि खालून बैलांच्या घुंगरांचा आवाज. इतक्या उंचावर."

मग मास्तरांच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "आबा, गोळ्या किती लागल्या होत्या?"

आबांनी माइक धरला होता. त्यांनी तेजसकडे पाहिलं. तेजसने पाठ आणखी ताठ केली. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाटीकडे पाहिलं.

"त्या खुणा..." आबा म्हणाले आणि थांबले. माइकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. "बेटा, त्या खुणा..."

"सांगा ना!" बायकांच्या बाजूने आवाज आला.

द्रौपदाबाई उभ्या होत्या. त्या खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आल्या. पदराची गाठ सोडली आणि गोटा आबांच्या समोर टेबलावर ठेवला. टक् असा आवाज झाला, तो माइकने सगळ्यांना ऐकवला.

"हाई घ्या तुमनी गोळी."

आबा त्या गोट्याकडे बघत राहिले.

"गोळी नही व्हती," द्रौपदाबाई लोकांकडे वळून म्हणाल्या. "आखाजीना बार व्हता. मी मामाना गावले येल व्हती. हाई इमान मधी येईसन बसनं. दगड मनाच व्हता. कपाळावरचा. मी मारेल शे."

पंखांवरच्या नव्या कापडावर एक माशी बसलेली मला दिसत होती. झुलाल सरपंचांनी एकदा टोपी काढली आणि परत घातली. आबा खाली बसले. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला त्या गोट्याचा राग आला, आणि स्वतःचाही. कशाला काढला तो मी?

तेजस उभा राहिला. तो काय म्हणतो याकडे सगळे बघत होते, आबा सोडून. आबा जमिनीकडे बघत होते.

"आजी," तेजस गंभीरपणे म्हणाला, "अंतर किती होतं?"

"नदी इतलं."

"आणि पहिल्याच दगडात?"

"पहिल्याच."

तेजसने टाचा जुळवल्या आणि आजीला सॅल्यूट केला. मग शेडच्या पत्र्याला हादरे बसतील असं हसू फुटलं. भटूभाऊ तर कोपऱ्यात करवतीवरच बसले आणि ओरडून उठले. कोणीतरी म्हणालं, "फौजी आबा नही, फौजी तर आजी शे!" झुलाल सरपंच डोळे पुसत म्हणाले, "आबा, ते राहू द्या. सव्वीस जानेवारीला मात्र वेळेवर या. मागच्या खेपेला पोरं उन्हात उभी होती तुमच्यासाठी."

आबा हसले नाहीत. गर्दी नाश्त्याकडे वळली तेव्हा ते कुठेच दिसेनात. मी शोधलं, तर ते ग्लायडरमध्ये उजव्या आसनावर बसले होते. झाकण उघडं होतं, टोपी मांडीवर. मी परत फिरणार होते, तेवढ्यात मागून द्रौपदाबाई आल्या.

"मले बी बसाव त्या खुर्चीवर."

मी आणि तेजसने त्यांना धरून आत चढवलं. भटूभाऊंनी पायाखाली स्टूल दिलं. आत बसल्यावर त्यांनी पदर नीट केला, समोरच्या घड्याळांकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले. तेजस बाजूला झाला. मी पंखाला आधार देत जवळच उभी होते, कारण दोघं एकदम बसल्यावर ग्लायडर एका बाजूला कलतं. म्हणून मला ऐकू आलं.

"तुले कवयपासून माहीत शे?" आबांनी विचारलं.

"मले देखाले उनात ना, तवयपासून. कपाळ देखं आनि वळखं."

"मंग बोलनी का नही?"

"नदीमधलं घर आनतस का?"

आबांनी उडवायचा दांडा उगाच पुढे, मागे केला. मागे शेपटीचं पान हललं. ते त्या आवाजाने दचकले आणि मग पुन्हा, मुद्दाम, हलवलं.

"आनि मी गोष्ट सांगे तवय तू उठीसन आत जाये, ते?"

"हासाले."

"हासाले?"

"मंग काय! दर वर्षी एक गोळी वाढे. पदर तोंडमा कोंबीसन हासू मी चुल्हाजोडे."

आबांनी तोंड फिरवलं. मला त्यांची मान दिसत होती, आणि ती हलायला लागली. आधी मला कळेना. मग त्यांचं हसू फुटलं आणि पुढचा बराच वेळ त्यांना बोलता आलं नाही. द्रौपदाबाई शांत बसून वाट बघत होत्या.

"प्रज्ञा," आबांनी डोळे पुसत हाक मारली, "पाटी बदल."

"काय लिहू आबा?"

"जे झालं ते. पण 'बायकांनी दगड मारले' असं लिहू नको. दोन गावांच्या माहेरी आलेल्या लेकींनी, असं लिही. आणि त्यांनीच ढकलत काठावर आणलं, तेही लिही."

"आणि ते खालचं ठिगळ परत बसवू का?"

ते द्रौपदाबाईंकडे वळले. त्या मानेनेच नाही म्हणाल्या. "उघडंच राहू दे. आमनं शे ते."

मी पंख धरून होते. बाहेर कोणीतरी नाश्त्याला हाका मारत होतं. आबांनी कपाळावरच्या खुणेला हात लावला.

"निशाना चांगला व्हता तुना," ते म्हणाले.

"तुमनावर कोठे व्हता?" द्रौपदाबाई म्हणाल्या. "लतावर व्हता. ती वाकनी. भित्री व्हती ती पहिलेपासून."